रूममेट निवडताना रास बघा, नळ बघू नका

गोरेगावात, मालाडात, नाहीतर लांब तिकडे मुलुंडला वन बीएचके घेऊन कुणाबरोबर तरी राहायचा बेत असेल, तर आधी माझं ऐका. मी अनुभवी बाई आहे. माझी गादी अजून गच्चीत वाळतेय.

पहिलं म्हणजे घाई करा. डिपॉझिट भरून झालंय, ब्रोकरने एका महिन्याचं भाडं खिशात घातलंय, सेक्रेटरींनी 'मित्रबित्र येणार नाहीत ना?' ही तोंडी परीक्षा घेतलीय. आता अर्धं भाडं द्यायला जी कोणी दारात उभी राहील, ती देवाने धाडली असं समजावं.

मुलाखतीचे प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, आडनाव काय, मासे चालतात का, रास कोणती. माझी रूममेट कोकणातली, मीही कोकणातली. सुक्या बोंबलावर एकमत झालं आणि तिथेच मी चावी तिच्या हातावर ठेवली. बोंबील खायला दोघी आणि कढई घासायला एकटी, हे नंतर कळलं.

ती वयाने लहान असेल आणि पहिल्या दिवसापासून 'ताई' म्हणत असेल, तर सोन्याहून पिवळं. 'ताई, या महिन्याचं लाइट बिल भर ना, पगार झाला की देते.' 'ताई, दूध संपलंय गं.' (कोणी संपवलं, हे ताईने विचारायचं नसतं.)

कामवाल्या मावशींचे पैसे निम्मे-निम्मे ठरवून घ्या. पुढे एकटीनेच देताना निम्मे किती झाले असते, ते कळतं.

कागदपत्रांत मात्र तिला अजिबात ओढू नये. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी लागतो आणि त्याची नोंदणीही लागते. एजंट घरी आला, लॅपटॉप उघडला, अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं. नेमकं त्या दिवशी हिचं आधार कार्ड गावाला राहिलेलं. 'ताई, तुझ्या एकटीच्या नावावर कर ना, काय फरक पडतो?' मी अंगठा टेकवला. मशीनने दोनदा नाकारला. मशीनला अक्कल होती.

भिंतीवर कामांचं वेळापत्रक लावा. भिंतीचा पोपडा झाकला जातो.

आणि पाण्याचं काही म्हणजे काही विचारू नये. फार खासगी विषय आहे तो. आमच्याकडे पाणी पहाटे पावणेसहा ते पावणेसात. पंधरा दिवसांपूर्वी जलवाहिनीचं काम निघालं म्हणून एक दिवस पाणी बंद होतं. मी पुण्याला, भाचीच्या बारशाला. हिने बाथरूममधला नळ उघडला, पाणी नाही. अशा वेळी माणूस काय करतो? नळ बंद करतो. हिने तो तसाच पुरता उघडा टाकला आणि चिपळूणची गाडी पकडली. दोन दिवसांसाठी!

दुसऱ्या पहाटे पाणी आलं. शंभरेक किलोमीटरवरून येतं हो ते, तानसाचं तर १८९२ पासून येतंय मुंबईला. एवढा प्रवास करून बिचारं आमच्या बाथरूमच्या जाळीपाशी अडलं. जाळीवर केसांचा पुंजका होता. लांब केस, टोकांना लालसर रंगवलेले. माझे केस मानेच्या खाली उतरत नाहीत. पाणी मग उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेलं, माझ्या गादीत शिरलं आणि गादीने नाही म्हटलं तेव्हा खालच्या मजल्यावर उतरलं. खालच्या काकांनी दिवाळीच्या आधीच पीओपी करून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांच्या डायनिंग टेबलावर बादली होती आणि पंख्याभोवती चहाच्या रंगाचा एक भलामोठा डाग. काकू काही बोलल्या नाहीत. नुसत्या डागाकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

मालकांचा फोन मला. सेक्रेटरींची चिठ्ठी मला. करारावर माझंच नाव ना! पीओपीवाल्याचे साडेआठ हजार मी दिले. हिला फोन केला तर म्हणते, 'ताई, पण पाणी तर तेव्हा येतच नव्हतं.' पुढच्याच मंगळवारी मी ऑफिसात असताना भावाला बोलावून सामान घेऊन गेली. जाताना माझा कुकरही नेला.

पुरे झाला सल्ला. नळाला पाणी नसेल तर नळ बंद करायचा, हे बालवाडीतल्या पोराला कळतं. जाळीतले केस आपले असतील तर आपणच उचलायचे, त्यासाठी ताई लागत नाही. आणि वाचून हसणाऱ्यांनो, तुम्हीही परवा कुणाला तरी आडनाव आणि रासच विचारणार आहात. आधीचं घर का सोडलं, ते विचारा. आधीच्या रूममेटचा नंबर मागा आणि लाज न बाळगता फोन करा. करारात दोघींची नावं घाला, आधार गावाला असेल तर ते येईपर्यंत चावी देऊ नका. मी दिली. मूर्ख मी.

आणि तू हे वाचत असशील, तर मला ताई म्हणू नकोस. निम्म्याची भाषा करू नकोस, साडेआठच्या साडेआठ हजार पाठव. जीपेचा नंबर तोच आहे. कुकर वॉचमनकडे ठेव, शिट्टीसकट.