‘पेशंटच मागतात, डॉक्टर बिचारा काय करणार?’ हा फॉरवर्ड कुठे कुठे चुकतो

अँटिबायोटिकबद्दलचा एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्याकडेही दोनचारदा आला असेल. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक दिलं जातं याला जबाबदार पेशंट, कारण तेच हट्ट करतात. डॉक्टरला सगळं माहीत असतं पण त्याचा नाइलाज होतो. नाही लिहिलं तर पेशंट दुसरीकडे जातो. आणि दिलं तरी काय बिघडलं, सेफ साइड असते. म्हणून लोकांना शहाणं करा, डॉक्टरांच्या मागे लागू नका.

त्यातलं एक वाक्य बरोबर आहे, सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसेदुखी व्हायरसमुळे होते आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. बाकीचं एकेक करून बघू.

‘पेशंट हट्ट करतात’

हे इतकं पटण्यासारखं वाटतं ना, की कुणी तपासूनच बघत नाही. पण तपासलंय. लॉस एंजेलिसमधल्या दोन खाजगी बालरोग दवाखान्यांत १० डॉक्टर आणि ३०६ पालक घेऊन एक अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला. त्यात पालकांना डॉक्टरकडे जायच्या आधी विचारलं की तुम्हाला काय अपेक्षा आहे, आणि तपासणी झाल्यावर डॉक्टरला विचारलं की या पालकांना काय हवं होतं असं तुम्हाला वाटलं. आता ज्या मुलांचा आजार व्हायरसचाच आहे असं खुद्द डॉक्टरचं मत होतं, त्यांच्यात बघा: पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरला वाटलं तेव्हा त्याने ६२ टक्के वेळा ते लिहिलं, आणि तसं वाटलं नाही तेव्हा फक्त ७ टक्के वेळा. आणि पालकांना खरोखर काय हवं होतं याचा लिहिण्याशी संबंधच सापडला नाही!

म्हणजे दबाव आहे, पण तो बराचसा डॉक्टरच्या अंदाजातला आहे. पुढचं तर अजून भारी, अपेक्षा असून अँटिबायोटिक मिळालं नाही म्हणून पालक नाराज झाले असं दिसलं नाही, नाराज झाले ते डॉक्टर नीट बोलला नाही, समजावलं नाही म्हणून.

मग हा अंदाज डॉक्टर बांधतो कशावरून? टान्या स्टिव्हर्स या संशोधक बाईंनी डॉक्टर आणि पालकांच्या संभाषणांची रेकॉर्डिंग्ज अक्षरशः ओळ न् ओळ तपासली. ‘अँटिबायोटिक द्या’ असं थेट म्हणणारे पालक फार थोडे. फरक पडतो तो साध्या साध्या वाक्यांनी. एक आई म्हणते, ‘तीन दिवस खोकतोय, रात्री झोप नाही.’ ही लक्षणं झाली. दुसरी म्हणते, ‘कानात इन्फेक्शन झालंय की काय असं वाटतंय.’ हिने आजाराचं नाव घेतलं, आणि डॉक्टरच्या कानाला ते ‘औषध द्या’ असं ऐकू येतं. तिच्या मनात कदाचित एवढंच असेल की मी उगाच आले नाही, पोराला खरंच बरं नाहीये. तसंच शेवटी कुणी विचारलं, ‘मग काहीच द्यायचं नाही का?’, तर तो प्रश्न असतो, पण दहा पेशंट बाहेर बसलेले असताना डॉक्टरला तो विरोध वाटतो आणि पेन चालायला लागतं.

याच रेकॉर्डिंग्जमधून एक उपायही निघाला, मला तो फार आवडतो कारण त्याला पैसा लागत नाही. तपासताना मोठ्याने बोलत राहायचं. ‘कान बघतो हं… पडदा छान आहे, लाली नाही… आता छाती… श्वास मोकळा आहे, घरघर नाही.’ असं चालू असेल तर शेवटी ‘अँटिबायोटिकची गरज नाही’ हे वाक्य आभाळातून पडल्यासारखं येत नाही, पालक आधीच तिथपर्यंत पोचलेले असतात आणि विरोध कमी होतो.

(आणि पेशंट म्हणून आपल्या हातात काय? सरळ सांगा की ‘मला अँटिबायोटिक हवंच असं नाही, काळजीचं काही आहे का तेवढं सांगा.’ समोरच्याला अंदाज बांधायची वेळच आणू नका.)

‘डॉक्टरला सगळं माहीत असतं, पण नाइलाज’

पहिला अर्धा भाग खरा आहे आणि तोच खरा त्रासदायक आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या ॲक्यूट ब्राँकायटिसला, म्हणजे साध्या खोकला-कफाला, अँटिबायोटिक नको हे अमेरिकेतल्या गाइडलाइन्स कित्येक वर्षं सांगतायत. तरी तिथल्या १९९६ ते २०१० च्या आकड्यांत अशा पेशंटपैकी ७१ टक्क्यांना ते लिहिलं गेलं. पुस्तकात शून्य, कागदावर ७१. एवढी मोठी दरी अज्ञानाने पडत नाही.

पण ‘नाइलाज’ म्हणाल तर मग हे कसं समजावणार: अमेरिकेतल्याच २३ प्राथमिक केंद्रांतल्या सर्दी-खोकला-घसा अशा २१ हजारांवर भेटी तपासल्या, २०१४ चा अभ्यास आहे, तर सत्र सुरू होऊन जितके तास जास्त झाले तितकं अँटिबायोटिक जास्त लिहिलं गेलं. पहिल्या तासाच्या तुलनेत चौथ्या तासात ऑड्स (शक्यता मोजायची एक पद्धत) साधारण २६ टक्क्यांनी वर. आता पेशंट काही घड्याळ बघून हट्टी होत नाहीत. डोकं दमलं की ‘नाही’ म्हणून पाच मिनिटं समजावण्यापेक्षा ‘हो’ म्हणून दोन ओळी लिहिणं सोपं जातं, संशोधकांनी लावलेला अर्थ साधारण हाच आहे. मला पटतो, फक्त थकव्याचं मोजमाप त्यात केलेलं नव्हतं हेही सांगायला हवं.

आणि हॉस्पिटलमध्ये या. तिथे आयसीयूत व्हेंटिलेटरवर असलेला पेशंट कसला हट्ट करणार? लंडनच्या हॉस्पिटल्समध्ये डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्या मुलाखती घेऊन २०१३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात या सगळ्याला ‘प्रिस्क्रायबिंगचे शिष्टाचार’ असं नाव दिलंय. ते लिहून कुठेच ठेवलेले नाहीत, पण सगळे पाळतात. दुसऱ्या डॉक्टरने सुरू केलेलं औषध आपण बंद करायचं नाही, तो त्याचा पेशंट. कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, जे करतात ते ज्युनिअरने करायचं, गाइडलाइन काहीही म्हणो. आणि कन्सल्टंट स्वतःचा अनुभव गाइडलाइनच्या वर धरतात. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या पोराला चार्टवर एक नको असलेलं अँटिबायोटिक दिसतं, त्याला कळतंही, पण ते खोडायची हिंमत होत नाही कारण सकाळी राऊंडला सर येणार आहेत. यात पेशंटने नेमकं काय केलं ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘नाही दिलं तर पेशंट दुसरीकडे जातो’

इथे मेसेजच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं, कारण भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत व्हिडिओवरून डॉक्टर दाखवायची सोय असते, तिथल्या सर्दी-खोकल्याच्या भेटींना मिळालेले स्टार मोजले गेले, २०१८ मध्ये छापले. अँटिबायोटिक लिहिलं तिथे ९०.९ टक्के पेशंटनी पाचही स्टार दिले, दुसरं काही औषध लिहिलं तिथे ८६ टक्के, काहीच नाही लिहिलं तिथे ७२.५ टक्के. म्हणजे रेटिंगवर पोट असलेल्या डॉक्टरला हा धडा कुणी न शिकवताही कळणारच. पण मधला आकडा वाचा ना, मोठी दरी ‘काहीच नाही’ आणि ‘काहीतरी’ यांच्यात आहे, लोकांना रिकाम्या हाताने जाणं नकोय, त्यांना अँटिबायोटिकच हवंय असं यावरून निघत नाही.

आता परत येण्याचं बघा. इंग्लंडमध्ये घसेदुखीच्या ७१६ पेशंटचे तीन गट केले, १९९७ चा अभ्यास, एका गटाला लगेच अँटिबायोटिक, एकाला नाही, आणि एकाला ‘तीन दिवसांत बरं नाही वाटलं तर न्या’ असं सांगितलं. तिसऱ्या गटातल्या फक्त ३१ टक्क्यांनी ते घेतलं, बाकीचे तसेच बरे झाले. आणि पुढच्या काळात घसा दुखतोय म्हणून डॉक्टरकडे परत आले कोण? पहिल्यांदा अँटिबायोटिक मिळालेल्यांतले ३८ टक्के, न मिळालेल्यांतले २७ टक्के. घसा आपोआपच बरा होणार होता, पण श्रेय गोळीला गेलं आणि पुढच्या वेळी माणूस गोळीसाठी हजर. म्हणजे मेसेज ज्या ‘मागणाऱ्या’ पेशंटला शिव्या घालतो तो बऱ्याचदा आधीच्या प्रिस्क्रिप्शननेच तयार झालेला असतो.

नेदरलँड्समध्ये तर डॉक्टरांना फक्त पेशंटशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग दिलं (२००९), छातीच्या इन्फेक्शनला अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण ट्रेनिंगवाल्यांत २७ टक्के, बाकीच्यांत ५४. समाधान दोन्हीकडे सारखंच, बरं होणंही सारखंच.

आणि पैशाबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही, ही जरा सोयीची शांतता आहे. चीनमध्ये संशोधकांनी नकली पेशंट पाठवले, हॉस्पिटलला औषधविक्रीतून उत्पन्न मिळायचं असा तो काळ. पेशंट म्हणाला की मी औषध बाहेरून घेणार आहे, की अँटिबायोटिक लिहिणं कमी झालं. दुसऱ्या प्रयोगात पेशंटने नुसतं दाखवून दिलं की अँटिबायोटिक कधी घ्यायचं ते मला माहितीये, तरी कमी झालं. हे दुसरं मेसेजच्या ‘लोकांना शहाणं करा’ला धरून आहे, मान्य. पहिल्याचं काय करायचं?

‘सेफ साइड’

यावर थोडक्यात. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २००७ मध्ये हिशोब मांडला गेला: सर्दी, घसेदुखी, कानदुखी यांत एक गंभीर गुंतागुंत टाळायला चार हजारांहून जास्त जणांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. छातीचं इन्फेक्शन झालेल्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी, तिथे न्यूमोनिया टाळण्यात खरा फायदा दिसला, सगळ्यांना एकाच मापाने तोलू नका. २०१६ मध्ये ब्रिटनच्या ६१० प्रॅक्टिसेसच्या (म्हणजे दवाखान्यांच्या) नोंदी बघितल्या, सात हजार पेशंटच्या एका प्रॅक्टिसने अशा आजारांतली अँटिबायोटिक्स १० टक्क्यांनी कमी केली तर वर्षाला न्यूमोनियाची साधारण एक जादा केस, आणि टॉन्सिलजवळच्या गळवाची दहा वर्षांत एखादी. शून्य धोका नाही, पण मेसेज घाबरवतो तसाही नाही.

अडचण अशी की तो एक गळवाचा पेशंट डॉक्टरला जन्मभर आठवतो, त्याचं नाव, चेहरा, नातेवाइकांचा आरडाओरडा, सगळं. रेझिस्टन्समुळे, म्हणजे जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे झाल्यामुळे, मेलेल्याला असा पत्ता नसतो. जगात २०१९ मध्ये थेट रेझिस्टंट जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार लोक गेले असा अंदाज आहे, त्यातला एकही मृत्यू कुठल्या एका प्रिस्क्रिप्शनच्या नावावर लागत नाही. म्हणून ‘सेफ’ म्हणताना नेमकं कोण सेफ ते विचारा.

‘लोकांना शिकवा, डॉक्टरांच्या मागे लागू नका’

डॉक्टरांच्या मागे लागून बघितलंय, आणि तेही न रागावता. इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीने २०१४ मध्ये सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या प्रॅक्टिसेसना पत्र गेलं. त्यात मुद्दा एवढाच की तुमच्या भागातल्या ८० टक्के प्रॅक्टिसेस माणशी तुमच्यापेक्षा कमी लिहितात. ना दंड, ना धमकी. सहा महिन्यांत ७३ हजारांवर प्रिस्क्रिप्शन्स वाचली, प्रमाण ३.३ टक्क्यांनी खाली. एका पत्रावर!

अमेरिकेत बॉस्टन आणि लॉस एंजेलिसच्या ४७ प्रॅक्टिसेसमध्ये वेगवेगळे प्रयोग केले (२०१६). एकात कॉम्प्युटरवर नको तिथे अँटिबायोटिक लिहिलं की चौकट उघडायची: कारण टाइप करा. नाही केलं तर पेशंटच्या फाइलमध्येच ‘कारण दिलेलं नाही’ असं उमटणार, सगळ्यांना दिसेल असं. दुसऱ्यात दर महिन्याला ईमेल, तुम्ही कमी लिहिणाऱ्या चांगल्यांत आहात, किंवा नाही आहात. चौकटवाल्यांचं नको असलेलं लिहिणं २३.२ वरून ५.२ टक्क्यांवर आलं, ईमेलवाल्यांचं १९.९ वरून ३.७ वर. ज्यांना काहीच केलं नव्हतं तेही २४.१ वरून १३.१ वर आले, त्यामुळे सगळं श्रेय प्रयोगाला देऊ नका, पण या दोन्ही गटांची घट त्यापेक्षाही जास्त होती आणि ती योगायोगाची नव्हती.

दोन्हीतलं एक निवडायचं तर मी ईमेल निवडेन. प्रयोग थांबवून वर्षाने बघितलं तेव्हा चौकटीचा परिणाम बराचसा विरला होता, ईमेलचा टिकून होता, कदाचित ‘मी चांगल्यांतला’ ही गोष्ट मनात बसते म्हणून. अर्थात तेही कायमचं धरून चालता येत नाही, कारण अमेरिकेतल्याच १८ बालरोग प्रॅक्टिसेसमध्ये गरज नसताना जास्त जोरदार अँटिबायोटिक लिहिणं अशाच फीडबॅकने २६.८ वरून १४.३ टक्क्यांवर आलं होतं, फीडबॅक बंद केला आणि ते परत २७.९ वर गेलं. मधल्या काळात पेशंट बदलले नव्हते, डॉक्टर बदलले नव्हते, बंद झाला होता तो फक्त त्यांच्या आकड्यांचा कागद.