कंपनीचं बारसं

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीमागून एक नाला जातो. सोसायटीच्या कागदपत्रांत तो ‘पर्जन्यजलवाहिनी’ आहे, पण डासांना कागदपत्रं वाचायची सवय नसल्याने ते त्यात नेमाने अंडी घालतात. माझ्या मेहुण्याचा धंदा या डासांवरच उभा आहे. तो खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवतो. जाळी कापायची, कडेने वेलक्रो शिवायचं, चौकटीला चिकटवायचं. मी नोकरीतून लवकर मोकळा झाल्यापासून हिशेब बघतो आणि शिडी धरतो. दोन वर्षं हे सगळं वहीत आणि विश्वासावर छान चाललं होतं.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याच्या एका बिल्डरकडून विचारणा आली. तीन टॉवर, सगळ्या खिडक्या. मेहुणा तिथून आला तो चपला न काढताच म्हणाला, “भावजी, त्यांना प्रायव्हेट लिमिटेडच हवी. आपण काढून टाकू.”

दाढ काढून टाकावी तसं तो म्हणाला. भूल न देता काढतात, हे मला पुढे कळलं.

आमच्याच विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक तरुण सीए राहतो. लहानपणी त्याचा बॉल आमच्या गॅलरीत यायचा आणि मी तो तासभर परत द्यायचो नाही. त्याचा वचपा त्याने पुढचे तीन महिने काढला, असं मला अजूनही वाटतं.

“काका, आधी प्रकार ठरवा,” तो म्हणाला. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, मला ऐकताक्षणी आवडली. २००८ चा कायदा, कटकट कमी, उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटचीही सक्ती नाही. पण बिल्डरला शेपटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’चीच पाहिजे होती. मग निघाली वन पर्सन कंपनी, एकट्याची. ती २०१३ च्या कंपनी कायद्याने आणली. तिच्यात मालक एकच, पण तो गेला तर पुढे कोण, हे आधीच लिहून द्यायचं आणि त्या माणसाची लेखी संमती जोडायची.

“म्हणजे एकट्याची कंपनी काढली तरी मागे राहून निस्तरायचं मीच,” आतून बायकोचा आवाज आला. “त्यापेक्षा मला आत्ताच डायरेक्टर करा.”

साध्या प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर आणि दोन भागधारक लागतात, आणि तेच दोघे दोन्हीकडे चालतात. मेहुण्याने “मी टेक्निकल माणूस आहे, सह्यांचं मला सांगू नका” म्हणून अंग काढून घेतलं. उरलो आम्ही नवराबायको.

सीएने मग ‘लिमिटेड’चा अर्थ समजावला. कंपनी बुडाली तर तुमच्या शेअरांचे पैसे जातील, पण देणेकऱ्यांना तुमच्या घराला हात लावता येणार नाही.

“घर आईंच्या नावावर आहे,” ही म्हणाली. “ते कंपनी न काढताच वाचलेलं आहे. आणि यांची घरातली जबाबदारी लग्नापासून लिमिटेडच आहे. त्याला सर्टिफिकेट कशाला?”

सीए गोरामोरा झाला आणि वकिली गोष्टीत शिरला. लंडनमध्ये सॉलोमन नावाचा एक बूट करणारा होता. तेव्हा कंपनीला सात सभासद लागत. त्याने बायकोला, मुलीला आणि चार मुलग्यांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे वीस हजारांवर शेअर स्वतःकडे ठेवले. धंदा बसला, देणी थकली. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की सॉलोमन वेगळा आणि सॉलोमनची कंपनी वेगळी. कायद्याच्या नजरेत ती एक स्वतंत्र व्यक्ती आहे.

“बायकोला एकच शेअर?” हिने विचारलं.

“हो काकू.”

“मला निम्मे.”

अशा रीतीने एक लाखाच्या भांडवलातले पन्नास हजार तिचे ठरले. एक लाखाचं तरी बंधन कुठे आहे, ते २०१५ सालीच काढलं, असं सीए सांगत होता. पण निम्मे म्हटल्यावर आकडा तिला मोठाच हवा होता. वर अट अशी की ज्याचे शेअर त्याने पैसे आपल्या खात्यातून भरायचे. म्हणजे आधी मी तिच्या खात्यात पन्नास हजार भरले आणि मग तिने ते ‘गुंतवले’. आजही पाहुण्यांना सांगताना ती “मी यांच्या कंपनीत पैसे घातलेत” असंच म्हणते.

व्यक्ती जन्माला येणार म्हटल्यावर नाव आलं. आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. कंपनीची आत्या म्हणजे सरकार. या आत्याला दोन नावं सुचवायची, हजार रुपये ओवाळणी घालायची, आणि तिला दोन्ही पसंत नसतील तर ती कारण लिहून कळवते. पसंत पडलं तर वीस दिवस राखून ठेवते, तेवढ्यात बाळ आणून दाखवायचं.

मी ‘मच्छरजाळी’ हे सरळ नाव सुचवलं. सीए म्हणाला, ते फार सर्वसामान्य झालं, धंद्याचंच नाव झालं. मेहुण्याने ‘नॅशनल मॉस्किटो ब्यूरो’ आणलं. ‘नॅशनल’ला केंद्र सरकारची परवानगी लागते, ‘ब्यूरो’लाही लागते. आम्ही यादीच मागून घेतली. ‘पंचायत’, ‘म्युनिसिपल’, ‘गव्हर्नर’, ‘राष्ट्रपती’, ‘मुख्यमंत्री’ या सगळ्याला परवानगी. मुख्यमंत्री मच्छरजाळी प्रायव्हेट लिमिटेड काढायला कुणीतरी खरंच गेलं असणार, त्याशिवाय का नियम होतो?

हिने ‘निवांत’ सुचवलं, मला फार आवडलं. पण ते आधीच कुणाच्या तरी नावाजवळ जाणारं निघालं. ऱ्हस्वाचं दीर्घ करून चालत नाही, अनेकवचन करून चालत नाही, मध्ये जागा सोडून चालत नाही. उच्चार सारखा वाटला तरी तेच नाव समजतात. आयुष्यभर मराठीच्या पेपरात ऱ्हस्वदीर्घाला कापलेले मार्क मी अन्याय मानत आलो, आणि इथे नेमका तो फरक कुणी मोजेना. पहिली दोन नावं परत आली. दुरुस्त करून पाठवलेली दोन परत आली. नवा अर्ज केला, परत हजार. आपण लोकांना एवढी नावं ठेवतो, मग कंपनीलाच एक ठेवता येऊ नये?

शेवटी सीएने सगळे करतात तो उपाय सांगितला, कुणाचंच नसेल असं नाव. मुलाच्या नावातली दोन अक्षरं, मुलीचं एक, आमचं एकेक, आणि कुलदैवत नाराज नको म्हणून शेवटी त्याचं अर्धं. जे तयार झालं ते इथे लिहीत नाही, कारण ते इंग्रजीतच लिहिता येतं आणि उच्चार आमच्या घरात पाच जणांचे पाच आहेत. आईने ऐकून विचारलं, “जेवणाआधी घ्यायची की नंतर?”

ते एका फटक्यात मंजूर झालं.

आता माणसांची नावं. डायरेक्टरांना डिजिटल सही लागते. ती यूएसबी पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये मिळते आणि त्याआधी मोबाइलसमोर बसून, पॅनकार्ड गालाशी धरून, आपलं नाव सांगत व्हिडिओ काढावा लागतो. माझा झाला. हिच्या वेळी कळलं की हिच्या पॅनकार्डावर एक बाई आहे आणि आधारकार्डावर दुसरी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचं नवीन नाव लिहिलं होतं. पॅन माहेरच्या नावाचं, नोकरी लागली तेव्हाचं. आधार सासरच्या नावाचं. तिसरं, माझ्या तोंडी असलेलं ‘अगं’, कुठेच चालत नव्हतं.

“एक करा काकू, कुठलंही,” सीए म्हणाला.

“कुठलंही कसं? आईवडिलांनी ठेवलेलंच.”

पंचवीस वर्षांपूर्वी तांदळात लिहिलेलं नाव आधार केंद्राच्या एका रांगेत पुसलं गेलं. बरं, डायरेक्टरच्या फॉर्मवर वडिलांचं नाव मागतात, नवऱ्याचं नाही. ते वाचून ती जी खुश झाली, ती अजून आहे. माझी आई मात्र दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी वाटण करता करता तिने स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. पन्नास वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. छान नाव आहे.

पत्त्याची वेगळीच कथा. नोंदणीकृत कार्यालय म्हणून आमचा हॉल. त्यासाठी मालकाची एनओसी आणि मालकाच्या नावाचं, दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं बिल. लाइटबिल अजून बाबांच्या नावावर येतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते महिन्याच्या महिन्याला बिल भरतात. सीए संकोचून म्हणाला, “काका, मग एनओसी…” मी म्हटलं, पितृपक्ष अजून लांब आहे. शेवटी पाइप गॅसचं बिल आईच्या नावावर सापडलं, पण ते त्रेसष्ट दिवसांचं. पुढचं येईपर्यंत गॅस जरा जास्त जाळला, लवकर येईल या वेड्या आशेने.

आम्ही सोसायटीचीही परवानगी मागितली, तिथे सेक्रेटरींनी एकच प्रश्न विचारला, “कंपनी म्हणजे ट्रक येणार का?” मी नाही म्हटलं. “कामगार?” मेहुण्याकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याला नीट न्याहाळून सही केली आणि जाता जाता स्वतःच्या चार खिडक्यांची मापं दिली. फुकट, हे शब्दांत आलं नाही, पण पोचलं.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत एकदा मी मुद्दाम मरीन ड्राइव्हला गेलो. मुंबईच्या कंपनी रजिस्ट्रारचं कार्यालय तिथे ‘एव्हरेस्ट’ इमारतीत आहे. सगळं ऑनलाइन असल्याने माझं तिथे काहीही काम नव्हतं, पण बाळाची शाळा लांबून बघून यावी तसा गेलो आणि कठड्यावर बसलो. समोरच्या याच बॅकबेच्या भरावासाठी निघालेल्या कंपनीच्या शेअरांपायी ही मुंबई एकदा धुऊन निघाली होती. मर्यादित जबाबदारीचा कायदा इकडे १८५७ साली आला, त्या वर्षी साहेबाला दुसरीही कामं होती तरी. मग अमेरिकेत यादवी पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईत उठला तो कंपनी काढू लागला. १८६५ मध्ये ती यादवी संपली, कापूस कोसळला आणि मागोमाग शेठजीही. तेव्हा या लोकांना नाव मिळायला किती दिवस लागत असतील, हाच विचार माझ्या मनात आला. बुडायला तरी वेळेवर मिळत होतं.

ऑगस्टच्या शेवटी सर्टिफिकेट ईमेलवर आलं. सोबत कंपनीचं स्वतःचं पॅनकार्ड आणि एकवीस अक्षरी ओळख क्रमांक. मला आधारचे बाराच आकडे आहेत, तेही पाठ नाहीत. त्यानंतरच्या अर्ध्या तासात माझा फोन जो वाजायला लागला! “बधाई हो सर, ट्रेडमार्क?” “सर, वेबसाइट?” “सर, करंट अकाउंट?” मुलीच्या जन्माची बातमी इतक्या लोकांना कळायला आम्हाला महिना लागला होता.

तीस दिवसांच्या आत पहिली बोर्ड मीटिंग. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) दोनचा, म्हणजे दोघांपैकी एक रुसलं की कंपनी ठप्प. ती झाली रविवारी पोह्यांवर. ऑडिटर नेमला, तो तिसऱ्या मजल्यावरच्या पोराच्या ओळखीतला. इतिवृत्तात ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली’ असं लिहायचं असतं. अध्यक्ष कोण, यावर सभा आणखी पाऊण तास चालली.

जाळ्यांचा कच्चा माल घ्यायला कर्ज हवं म्हणून मी एका बँकेत गेलो. साहेबांनी सर्टिफिकेट कौतुकाने पाहिलं, कंपनी नवी आहे म्हणाले, आणि एक कागद पुढे सरकवला. दोन्ही डायरेक्टरांची वैयक्तिक हमी. म्हणजे कंपनी बुडाली तर पैसे आम्हीच भरायचे.

“मग ते लिमिटेड?” मी विचारलं.

“ते आहेच की,” साहेब प्रेमाने म्हणाले. “इथे सही करा.”

हिने बाहेर आल्यावर सॉलोमनच्या बायकोचं पुढे काय झालं असेल, असं विचारलं. मला माहीत नव्हतं.

राहता राहिला बोर्ड. कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता लावावाच लागतो, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही. मुलुंडात म्हणजे देवनागरी. स्टेशनजवळचा एक पेंटर बोलावला. त्याने दारावरचं तोरण बाजूला केलं, पट्टीने माप घेतलं, आणि इंग्रजी नाव वाचून ब्रश खाली ठेवला.

“साहेब, पहिलं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ?”

मी दीर्घ म्हटलं. हिने ऱ्हस्व म्हटलं. मुलीच्या मते तिथे स्वरच नव्हता. मेहुण्याने फोनवरून वेगळंच काहीतरी सांगितलं, ते पेंटरने ऐकून नम्रपणे सोडून दिलं. आई आतून म्हणाली, गोळीचं नाव बाटलीवर लिहिलेलं असतं ते बघा. सीएला विचारलं, तर त्याने इतके दिवस फक्त टाइपच केलं होतं, उच्चारायची वेळ आली नव्हती.

चहा झाला. पेंटरने स्वतःच्या मनाने एक उच्चार लिहिला, आणि आम्ही सगळ्यांनी तो थोडा वेळ पाहून मान्य केला. कंपनीचं बारसं असं परक्या माणसाच्या हातून झालं.

मग तो दोन पावलं मागे सरकला. “पण साहेब, हे वाचून गिऱ्हाइकाला कळणार काय? तुमचं काम काय?”

“मच्छरजाळ्या.”

“मग खाली लिहू ‘मच्छरजाळी’? मोठ्या अक्षरात?”

मी हिच्याकडे पाहिलं. संचालक मंडळाचा कोरम पूर्ण होता.

“लिहा,” ती म्हणाली. “फक्त वरचं नाव वाचता येईल इतकं तरी ठेवा हो, कायदा आहे.”