शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याआधी

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘शेतकरी वाट्टेल तशी औषधं मारतात, ती आपल्या पाण्यात उतरतात. पाणी उकळून प्या, निर्धास्त राहा.’ औषधं पाण्यात उतरतात, एवढं खरं आहे. बाकीचं तपासू.

‘उकळून प्या.’ उकळल्याने जंतू मरतात. ॲट्राझिनसारखं तणनाशक मात्र वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटतं, ॲट्राझिन पातेल्यातच राहतं. तुरटीनेही जात नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं तर पाण्यात टाकलेल्या क्लोरीनमुळे त्याहून विषारी रसायन बनतं. सक्रिय कोळशाचा फिल्टर बरंच अडवतो, पण वेळेवर बदलला तरच.

खाली कुणीतरी लिहिलंय, ‘आमचा टीडीएस 150 आहे, पाणी उत्तम.’ टीडीएसचा मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला 2 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा पाचशेवा भाग आहे. मीटरला ते दिसणारच नाही.

‘शेतकरी वाट्टेल तशी मारतात.’ याचा मला खरा राग येतो. दौंडला माझ्या मामांचा ऊस आहे. लागणीनंतर ते ॲट्राझिन मारतात. पुड्यातलं माहितीपत्रक इतक्या बारीक अक्षरात होतं की मामांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि घडी करून खिशात टाकलं. पंपाला किती घ्यायचं हे त्यांना दुकानदारानेच सांगितलं होतं. औषध कंपनीने बनवलं, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्राच्या समितीने त्याची नोंदणी केली. युरोपीय संघाने भूजलात उतरतं म्हणून 2004 मध्ये त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडे मे 2020 मध्ये 27 औषधांच्या बंदीचा मसुदा निघाला, त्यात ॲट्राझिन होतं. पुढे यादी आकसली आणि ते सुटलं. मग जबाब आधी कुणी द्यायचा? कंपनीने आणि परवानगी देणाऱ्यांनी. प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केलंय. मामा तर स्वतःच झळ सोसणारे: शेतालगतच्या विहिरीचं पाणी मामीच रोज घरात प्यायला भरतात.

ग्रुपवर आणखी एकाचं म्हणणं, ‘पुण्याला धरणाचं पाणी आहे.’ सगळ्यांना कुठे? 2017 आणि 2021 मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत कितीतरी सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर जगतात. आमचीही. पाणी पुरवणाऱ्याकडे मी तपासणीचा अहवाल मागितला. कागद आला: टीडीएस, कठीणपणा, कोलिफॉर्म जंतू. कीटकनाशकांचा रकानाच नव्हता. तो रकाना भरलेला अहवाल मिळेपर्यंत पुढचा करार करू नये, असा ठराव रविवारच्या बैठकीत मी मांडणार आहे.