तुमचा ठेका उचलला गेला? अभिनंदन!

2025च्या जानेवारीत कोल्डप्ले हा इंग्लिश बँड नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजवून गेलं. तेव्हापासून आसपासच्या वादकांच्या मनात एक आशा घर करून बसली आहे. घणसोलीच्या हळदीत आपण जो ठेका फोडतो, तो कुणीतरी मोबाइलवर टिपेल, तिथून तो लंडनला पोचेल, आणि एखादा जगप्रसिद्ध बँड त्यातले दोन आवर्तनांचे तुकडे कापून आपल्या गाण्याला चिकटवेल. मग काय, आपण जगभर वाजणार!

वाजाल. शंकाच नको. फक्त अशा प्रसंगी कसं वागायचं याचं शिक्षण आपल्याकडे कुठे मिळत नाही. ते मी इथे फुकट देतो आहे. फुकटची सवय आत्तापासूनच लागलेली बरी.

सुरुवात स्टुडिओपासून करा. गल्लीतल्या त्या बारक्या खोलीत एका शिफ्टचे पैसे घेऊन तुम्ही ढोलकी, कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅड वाजवता. निघताना गाणं काढणाऱ्या चॅनलचा मालक एक कागद पुढे करतो. त्यात लिहिलेलं असतं की या ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे त्याचे. अजिबात वाचू नका. उद्या मंगळावर हळद लागली आणि तिथे तुमचा ठेका वाजला, तर तुम्ही काय रिक्षा करून वसुलीला जाणार आहात? सही करा, चहा प्या, ट्रॉलीत सामान भरा.

कागद नसला तरी घाबरायचं कारण नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याने सोय करून ठेवली आहे. ज्याने रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली, तो निर्माता, आणि ध्वनिमुद्रणाचा मालक साधारणपणे तोच. काठी कोणाच्या हातात होती, हा मुद्दा त्या वाक्यात येत नाही.

आता आदर्श कोणाचा ठेवायचा? माझ्या मते ग्रेगरी कोलमनचा. 1969 साली अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडने एक रेकॉर्ड काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचं गाणं होतं, भरतीचंच म्हणा ना. त्याच्या मधोमध बाकी सगळे थांबतात आणि कोलमन एकटा चार मात्राखंड ड्रम वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. पुढे ऐंशीच्या दशकात रेकॉर्डमधला तुकडा कापून पुन्हा वाजवणारी सँपलर नावाची यंत्रं स्वस्त झाली आणि त्या सहा-सात सेकंदांवर जग तुटून पडलं. हिपहॉपवाल्यांनी घेतलं, इंग्लंडमधल्या 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' नावाचं नाचाचं संगीत करणाऱ्यांनी तर त्याचे बारीक तुकडे करून अख्खी इमारत उभी केली. हजारो गाण्यांत तो ठेका आहे. तुम्ही तो जाहिरातीत ऐकला आहे, जिममध्ये ऐकला आहे, फक्त कोणाचा ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

कोलमनला याचे किती मिळाले? काही नाही. 2006 साली अटलांटात तो वारला तेव्हा त्याच्याकडे राहायला घरही नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर, ज्याच्याकडे हक्क होते, त्यालाही हा प्रकार बऱ्याच वर्षांनी कळला, आणि तोवर कोर्टात जायची मुदत टळून गेली होती. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या दोन डीजेंनी इंटरनेटवर वर्गणी काढली आणि त्याला सुमारे 24 हजार पौंड दिले. गणपतीची वर्गणी काढतात तशी. फरक इतकाच की इथे बाप्पा हयात होता आणि पावतीही त्यालाच मिळाली.

दुसरा आदर्श क्लाइड स्टबलफिल्ड. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' गाण्यातला ठेका त्याचा. तोही असंख्य गाण्यांत गेला, पण गाण्याचा कर्ता म्हणून कागदावर त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे रॉयल्टीही नव्हती. पुढे तो आजारी पडला तेव्हा उपचारांचा मोठा खर्च प्रिन्स या गायकाने गुपचूप उचलला. बघा, फायदा होतोच! हक्काचा नाही होत, उपकाराचा होतो. तेव्हा तब्येतीची काळजी घ्या आणि एखादा दिलदार सुपरस्टार नजरेत ठेवा.

परदेशी उदाहरणं नको वाटत असतील तर घरची घ्या. ब्रिटनी स्पीअर्सच्या 'टॉक्सिक'मध्ये ज्या व्हायोलिन किंचाळतात, त्या 'एक दूजे के लिए' या 1981च्या चित्रपटातल्या गाण्यातून आल्या. 'टॉक्सिक'ला ग्रॅमी मिळालं. मूळ संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, ही माहिती शोधली की सापडते. पण स्टुडिओत ओळीने बसून ज्यांनी तो गज खेचला, त्यांच्यातलं एक तरी नाव सांगा बरं. नाही येत ना? तुमचंही नाव असंच आदराने कोणालाही माहीत नसेल.

काही लोक मात्र वाईट पायंडे पाडतात. 2002 साली 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाच्या अमेरिकन गाण्यात 'ज्योति' चित्रपटातलं लताबाईंचं गाणं न विचारता वापरलं गेलं. त्याचे संगीतकार बप्पी लाहिरी थेट अमेरिकेच्या कोर्टात गेले, आणि कोर्टाने त्यांचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश दिला. यातून घेण्यासारखा धडा सोपा आहे: सँपल होण्याआधी बप्पी लाहिरी होऊन घ्या. सोनं, गॉगल आणि वकील, तिन्ही लागतं.

त्याहून वाईट उदाहरण लॅबी सिफ्रे या इंग्लिश गायकाचं. एमिनेम या अमेरिकन रॅपरला त्याच्या गाण्याचा तुकडा हवा होता. गाणं सिफ्रेने स्वतः लिहिलेलं आणि हक्क त्याच्या हातात. त्याने आधी शब्द बदलायला लावले, मगच परवानगी दिली. म्हणजे प्रसिद्ध माणसाला दारात थांबवून ठेवलं! असले संस्कार आपल्यात नकोत.

आपल्या आज्जीचं बघा. आगरी लग्नात धवला, म्हणजे पारंपरिक लग्नगीत, म्हणणारी धवलारीण, तिने कधी कुणाला थांबवलं? कोणीही यावं, फोन पुढे धरावा, नेऊन टाकावा. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईचंही तसंच झालं. तिने म्हटलेली अंगाई ह्यूगो झेंप या अभ्यासकाने 1970च्या सुमारास टिपली आणि ती युनेस्कोच्या संग्रहात गेली. 1992 साली 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीने ती उचलली, 'स्वीट ललबाय' केली, लाखो प्रती खपल्या. झेंपने नंतर जाहीर हरकत घेतली. पण खरी गंमत पुढची. यान गारबारेक या नामवंत सॅक्सोफोनवादकाने तीच चाल वाजवली आणि तिला नाव दिलं 'पिग्मी ललबाय'. सॉलोमन बेटं पॅसिफिक महासागरात, पिग्मी लोक मध्य आफ्रिकेत. म्हणजे उद्या घणसोलीचा धवला नागालँडचं लोकगीत म्हणून गाजला, तर दुरुस्ती पाठवत बसू नका. छापताना 'पारंपरिक' असं छापतील, तेवढ्यात समाधान माना. हे 'पारंपरिक' नावाचे संगीतकार आजवर एकदाही मानधन मागायला गेलेले नाहीत.

कोणी शहाणा मधेच सांगेल की 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा वाटा सोडताच येत नाही, आणि वादकालाही व्यावसायिक वापरावर वाटा मागता येतो, नाव लावून घेण्याचाही हक्क आहे. खरं आहे. म्हणूनच असल्या माणसाला तालमीला बोलवू नका. त्याच्याशी बोलून पोरं गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा फॉर्म भरायला लागतात, चालीची तारीख घालून नोंद ठेवतात, शिफ्टच्या कागदावर 'फक्त याच गाण्यापुरतं' असं लिहून मागतात, आणि मग त्यांना कोणी बोलवत नाही. त्यापेक्षा 'सात सेकंदांपर्यंत कोणीही काहीही घेऊ शकतो' ही आपली लाडकी समजूत धरून राहा. कायद्यात ती कुठेच नाही, पण मनाला शांतता देते.

आणि नवी मुंबईच्या माणसाला हे मी काय शिकवणार? तुमच्या भातशेतीवर सेक्टर उभे राहिले, खाडीवर पूल आले. तरी तिथे भांडून, गोळ्या झेलून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड तरी मिळाले. ठेक्याचे साडेबारा टक्के मागायचं अजून कोणाला सुचलेलं नाही. शक्यतो सुचू देऊ नका, उगाच मोर्चे निघतात.

बाकी उत्पन्नाचं म्हणाल तर ते वाढेलच. गाणं गाजलं की पुढच्या हळदीला डीजे तेच वाजवणार, आणि तुमच्या बेंजो पार्टीपेक्षा, म्हणजे वादकांच्या ताफ्यापेक्षा, डीजे स्वस्त पडतो. तरीही एखादा जुना गिऱ्हाईक तुम्हालाच सुपारी देईल. रात्री साडेनऊला नवरदेवाचा मामा स्टेजजवळ येऊन ओरडेल, "दादूस, त्या इंग्लिश गान्यातला ठेका वाजव ना र!"

वाजवा. जीव तोडून वाजवा, तुमचाच आहे. मामा मान हलवेल आणि म्हणेल, "ओरिजिनलसारका नाय वाजला." आणि ठरलेल्या बिदागीतून पाचशे कापेल. भांडू नका त्याच्याशी. दहाला आवाज बंद करायचा असतो, पोलीस येतात.