वडाचं कल्याण करायचंय? मग हे वाचा

तुमच्या कोपऱ्यावर जुना वड असेल आणि अजून कुणी त्याचं 'सुशोभीकरण' केलं नसेल, तर तुमचा वॉर्ड फारच मागे पडलाय. आमच्याकडे यंदा वटपौर्णिमेच्या आठ दिवस आधी उरकलं. म्हणून अनुभवाचे चार शब्द.

आरंभ भाषणाने करावा आणि भाषणात जग फिरून यावं. बोधगयेचा पिंपळ, त्याची फांदी सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने, जिथे नेली ते श्रीलंकेतलं अनुराधापूर, आयर्लंडात विहिरीकाठच्या झाडांना बांधलेल्या नवसाच्या चिंध्या, जपानी देवळातल्या झाडाभोवतीचा गवती दोर, आपल्या औदुंबराखालचे दत्तगुरू. झाड म्हणजे अख्ख्या मानवजातीचं देवघर! टाळ्या पडेपर्यंत थांबावं. माइकची वायर तेवढी वडाला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवावी, पाहुण्यांच्या पायात येत नाही.

वटपौर्णिमेला वडापर्यंत चालत जाऊ नये. बाजारात फांदी मिळते, ती कुंडीत खोचावी, फेरे टीपॉयभोवती घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत सौभाग्य टाकून द्यावं.

सूत नायलॉनचं घ्यावं. सात जन्म टिकतं.

आता मुख्य काम, पार. जुना दगडमातीचा पार फटींतून गवत उगवू देतो, त्यावर मुंग्या असतात, म्हातारे बसतात. तो आधी उखडावा. मग बुंध्याला सिमेंट असं भिडवावं की मुंगीलाही वाट राहू नये. वर चकचकीत टाइल्स, मधोमध काळ्या ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं, मुख्य देणगीदाराचं नाव वडापेक्षा ठळक. पारंब्या गाड्यांच्या काचांना घासतात, त्या छाटून टाकाव्यात. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या वडाचं मधलं खोड बुरशी लागली म्हणून 1925 साली कापावं लागलं, तरी ते झाड अजून उभं आहे, जमिनीत उतरलेल्या हजारो पारंब्यांवर. अनुराधापूरच्या ज्या बोधिवृक्षाचं नाव तुम्ही भाषणात घेता, त्याच्या फांद्यांना माणसांनी टेकू दिलेत. आपला वड स्वतःचे टेकू स्वतःच खाली सोडतो, वर्गणी मागत नाही, रुंदावतो तसा स्वतःला सावरतो. आणि तुम्ही ते टेकू कापून टेम्पोत भरता? का, तर कुणाच्या गाडीला ओरखडा पडतो म्हणून?

असो. सल्ला देत होते.

झाडाचं वय कुणाला सांगू नये. झाडांचा कायदा आपल्याकडे 1975 पासून आहे, 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड हेरिटेज समजलं जातं. आमचा वड सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही एवढाच होता. परवानगी घेतलीत का, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, ''वहिनी, झाड कुठे तोडलंय? उलट शोभा वाढवलीय.''

शोभा! पाऊस सुरू झालाय. पारावर घोट्याएवढं पाणी साचतं, उताराने गटारात जातं आणि मुळांना थेंब मिळत नाही. अरे, मुळांना हवा लागते, पाणी लागतं, हे चौथीतल्या पोराला कळतं. तुम्हाला नाही कळत? पुण्य हवं, फोटो हवा, सावलीत गाडी हवी, फक्त झाड नको. आणि मी कुठली शहाणी! 23 वर्षं त्याच वडाला सूत गुंडाळते आहे. यंदाही नटूनथटून गेले, टाइल्सवर हळदकुंकू वाहिलं, सात फेरे मारले. खाली ते झाड गुदमरतंय आणि मी नवऱ्याचं आयुष्य मागतेय त्याच्याकडे. चार बायका होतो, एकीच्या तोंडून शब्द फुटला नाही. लाज वाटायला हवी आपल्याला.

झाडांच्या खात्यात लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. रविवारी सकाळी सात वाजता बुंध्याभोवतीचा हातभर पट्टा फोडायला घेणार आहे. छिन्नी आणि हातोडा माझ्याकडे आहे. कुणाकडे पहार असेल तर घेऊन या.