‘एक कागदही हलला नाही’ म्हणे!

‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ हा वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयावरचा १९४५चा छोटा माहितीपट सध्या एका मजकुरासकट फिरतोय: “आपलं नालंदा जळलं. अमेरिकेनं महायुद्धातही आपल्या ग्रंथालयाचा एक कागद हलू दिला नाही. जगातलं प्रत्येक पुस्तक तिथे आहे. या फिल्मला ऑस्कर मिळालं.” फिल्म जरूर बघा. मजकूर मात्र गाळून घ्या.

ऑस्करचं आधी उरकतो. नामांकन होतं, बाहुली ‘हिटलर लिव्हज’नं नेली. फिल्म काढली होती सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयाच्या परदेश विभागानं. बाहेरच्यांपुढे अमेरिका कशी मांडायची, हेच त्यांचं काम.

आता तो न हललेला कागद. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. २६ डिसेंबर १९४१ला या ग्रंथालयात असलेल्या अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना, दोन्हींच्या मूळ प्रती ब्राँझच्या पेटीत बंद झाल्या. कुलपांवर शिशाची मोहोर, ट्रकभोवती सशस्त्र पहारा आणि संध्याकाळची रेल्वे. मुक्काम केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला, जिथे देशाचं सोनं ठेवतात. तिथेच १९४२मध्ये जाहीरनाम्याचा सुटलेला कोपरा दुरुस्त केला गेला. बाकीच्या दुर्मीळ ऐवजाची खोकीच्या खोकी दूरच्या विद्यापीठांत गेली ती वेगळीच. जाहीरनामा परतला १९४४मध्ये. फिल्म आली तोवर तो जागेवर होता, घोळ बहुधा त्यातूनच झाला असावा.

नालंदाशी तुलना करायचीच तर यांचंही दोनदा जळलंय. १८१४मध्ये ब्रिटिश सैन्यानं कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत, पेटवलं, ग्रंथालय त्याच इमारतीत होतं. मग माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसननं स्वतःची ६,४८७ पुस्तकं सरकारला विकली. २४ डिसेंबर १८५१च्या आगीत त्यातलीही जवळपास दोन तृतीयांश गेली. त्या वेळी कुठलाही शत्रू दारात नव्हता, चिमणी सदोष होती.

राहिलं ‘प्रत्येक पुस्तक’. कॉपीराइटसाठी प्रती जमा होतात, पण ग्रंथालय त्यातून निवडून ठेवतं, सगळं ठेवत नाही. मराठी पुस्तकं तिथे आहेत, तीही निवडूनच. १९६२मध्ये त्यांनी दिल्लीत खरेदीचं कार्यालय थाटलं. पैसा कुठला? पीएल-४८०चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य पुरवण्याच्या कायद्याचा. रेशनवरच्या त्या अमेरिकन गव्हाचे आपण रुपयांत मोजलेले पैसे इथेच साठले होते, त्यातूनच आपली पुस्तकं वॉशिंग्टनला गेली.