‘आपल्याकडे हवा गरम, शॅमेलिऑनला काही लागत नाही’ हा मेसेज चुकीचा आहे

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, सगळीकडच्या पेट ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि बरेच जण तो मला पाठवून विचारतायत की घेऊ का. मेसेज थोडक्यात असा: शॅमेलिऑन (रंग बदलणारा, झाडावर राहणारा सरडा) हा पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी एकदम सोपा प्राणी, तो गरम दमट देशातला आणि आपली हवा गरम दमटच, त्यामुळे लाइट नको, पाणी फवारायला नको, जुना दोन फुटी फिश टँक खिडकीत ठेवा, आत पाण्याची वाटी ठेवा, घरातली झुरळं पकडून घाला, एकटा कंटाळतो म्हणून जोडी आणा, रोज हातावर घ्या म्हणजे माणसाळतो, टी-शर्टच्या रंगाचा होऊन दाखवतो, आणि कागदपत्रं काही लागत नाहीत.

हे वाचून लोक खरंच प्राणी घेऊन येतायत म्हणून सविस्तर लिहितेय. यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या जनावराच्या जिवावर उठणारी आहे.

आधी हवेचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. शॅमेलिऑन म्हणजे एकच प्राणी नाही, दोनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या पाळल्या जाणाऱ्या मोजक्या. व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला, पँथर मादागास्करच्या किनारपट्टीचा, तीन शिंगांचा जॅक्सन्स केनिया-टांझानियाच्या डोंगरातला. जॅक्सन्सला रात्री चांगलाच गारवा लागतो, त्यामुळे तो ठाण्यात विचारातच घेऊ नका. व्हेल्डला सुद्धा दिवसा २५ ते २७ अंशांची खोली, एका फांदीवर दिव्याखाली २९ ते ३१, आणि रात्री पारा वीसच्या आसपास उतरलेला हवा असतो. आता आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काय होतं, दुपारी पंख्याखालची खोलीच ३३-३४ ला असते आणि रात्री बारा वाजता सुद्धा २८. म्हणजे त्या प्राण्याला रात्रीची विश्रांती मिळतच नाही, दिवसभर तापलेलं शरीर थंड व्हायला जागाच नाही. परदेशातले सगळे व्हिडिओ उब कशी द्यायची ते शिकवतात, आपला प्रश्न नेमका उलटा आहे, थंड कसं ठेवायचं. उन्हाळ्यात रात्री त्या खोलीत एसी लागणार हे घेण्याआधी मान्य करा आणि दिव्याला थर्मोस्टॅट लावा, म्हणजे ज्या दुपारी खोलीच गरम आहे त्या दुपारी दिवा आपोआप बंद राहील. एसी परवडत नसेल किंवा त्या खोलीत बसवता येत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. पँथर थोडी उष्ण रात्र सहन करतो पण २८ अंश त्यालाही जास्तच.

दमटपणाचंही तसंच. मेसेज म्हणतो दमट हवा आहेच मग फवारायचं कशाला. व्हेल्डला दिवसा हवा बऱ्यापैकी कोरडी लागते, साधारण ३० ते ५० टक्के, आणि रात्री थंड व ओली. आपल्याकडे जुलैत दिवसा पण ८५ टक्के, रात्री पण, शिवाय गरम आणि हवा हलत नाही. गरम, ओलं आणि कोंदट हे तिन्ही एकत्र आलं की श्वसनाचं इन्फेक्शन होतं, मग तो मान वर करून तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो, कधी टकटक आवाज येतो, तोंडाच्या कडेला फेस दिसतो, आणि तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून पावसाळ्यात फवारणी फक्त पहाटे लाइट लागायच्या आधी, दुपारपर्यंत पानं पूर्ण कोरडी झालीच पाहिजेत, खोलीत पंखा फिरता ठेवा पण झोत पिंजऱ्यावर नको. तळाला माती, कोकोपीट काही घालू नका, आठवड्यात बुरशी धरते, नुसता ट्रे ठेवा जो रोज पुसता येईल. आणि ऑनलाइन बघून अनेकजण धुक्याची मशीन मागवतात, रात्री खोली खरंच थंड होत नसेल तर ती लावू नका, गरम धुकं म्हणजे आजाराला आमंत्रण.

आता त्या फिश टँककडे येऊ. शॅमेलिऑन झाडावर राहतो, त्याला जमीन नकोच असते, उंची हवी. मोठ्या व्हेल्ड किंवा पँथर नराला कमीत कमी दोन फूट बाय दोन फूट बाय चार फूट उंच जागा लागते. काचेच्या टँकमध्ये वर झाकण, चारी बाजू बंद, हवा आत अडकते आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, त्याला वाटतं दुसरा नर समोर बसलाय आणि तो दिवसभर तणावात राहतो. थंड कोरड्या देशात लोक खास व्हेंट असलेल्या काचेच्या पेट्या वापरतात ते ठीक, आपल्याकडच्या पावसाळ्यात जाळीच बरी. चांगली बातमी अशी की हे ठाण्यात महाग इंपोर्टेड घ्यायची गरज नाही, अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणारा कुठलाही कारागीर सेक्शनची फ्रेम करून देतो, फक्त जाळी मच्छरदाणीची फायबरची नको, ती कीटक कुरतडतात आणि नखं अडकतात, थोड्या मोठ्या भोकाची कोटिंग केलेली तारेची घ्या आणि कापलेली टोकं आत राहू देऊ नका. पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही, टेबलावर, इतका उंच की वरच्या फांदीवर बसला की तो आपल्या डोळ्यांच्या वर असेल. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी शिकारी पक्षी असते, त्यामुळे नुसत्या उंचीने अर्धी भीती जाते. देवघराजवळ नको, धूप-उदबत्तीचा धूर त्याच्या फुप्फुसाला चालत नाही, स्वयंपाकघरातला फोडणीचा ठसका पण नको.

आतमध्ये खरी झाडं लावा. मनीप्लँट, जास्वंद, शेफ्लेरा ही तिन्ही कुठल्याही नर्सरीत मिळतात आणि चालतात. व्हेल्ड पानं खातो सुद्धा, त्यामुळे कण्हेर आणि डायफेनबाखिया अजिबात नको, दोन्ही विषारी. नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं, ती माती झटकून टाका, पानं नीट धुवा, नवीन मातीत लावा आणि काही आठवडे बाल्कनीत राहू द्या मगच आत घ्या. फांद्या आडव्या, वेगवेगळ्या जाडीच्या, पाय पूर्ण वेढा घालू शकेल अशा, आणि मध्ये इतकं दाट पान हवं की त्याला वाटलं तर तो तुम्हाला दिसणारच नाही. मुलांना हे आवडत नाही, ताई तो दिसतच नाही मग काय मजा असं कोपरखैरण्याच्या एका मुलाने मला विचारलं होतं, पण लपायला जागा असेल तरच तो निवांत बाहेर येऊन बसतो.

“खिडकीतून ऊन येतं, लाइट कशाला.” हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. शॅमेलिऑनला युव्हीबी किरण, म्हणजे उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण, लागतात, त्यातून त्याच्या कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार होतं, डी३ शिवाय खाल्लेलं कॅल्शियम शरीरात शिरत नाही, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकडे होतात, जबडा मऊ पडतो, जीभ फेकता येत नाही, फांदी धरता येत नाही. वाकलेली हाडं परत सरळ होत नाहीत. आणि खिडकीची साधी काच युव्हीबी जवळपास सगळंच अडवते, ऊन दिसतं, उब लागते, पण हवा तो किरण आत येतच नाही. त्यात काचेचा टँक उन्हात ठेवला तर काही मिनिटांत आतलं तापमान जीवघेणं होतं. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची टी५ हाय आउटपुट नळी (युव्हीबी देणारी खास ट्यूबलाइट) लागते, लांब, पिंजऱ्याच्या रुंदीभर, बसायच्या फांदीपासून साधारण एक वीत वर, रोज बारा तास टायमरवर. बसायच्या जागी युव्ही इंडेक्स, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ च्या आसपास हवा, जाळी किती दाट त्यावर हे बदलतं, मीटर कुणाकडून मागून मोजता आलं तर उत्तम. नळी वर्षभराने बदलायची, ती पेटत असते पण युव्हीबी कमी झालेलं असतं आणि ते डोळ्याला कळत नाही. जांभळा उजेड पाडणारे छोटे एलईडी बल्ब युव्ही म्हणून विकतात, ते घेऊ नका. थेट ऊन द्यायचंच असेल तर सकाळी आठ-नऊच्या आधी, बाल्कनीच्या ग्रिलमध्ये जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही तिथेच उभे राहून, कारण आपल्याकडचे कावळे काही सोडत नाहीत.

पाण्याची वाटी. शॅमेलिऑनला स्थिर पाणी बहुतेक वेळा पाणी म्हणून कळतच नाही, तो पानावरचे थेंब चाटतो. भरलेल्या वाटीशेजारी तहानेने खंगलेला प्राणी मी बघितलाय आणि मालक मनापासून सांगत होता की पाणी रोज बदलतो. सोपा उपाय, केमिस्टकडून सलाइनचा नवीन सेट आणा, वर पाण्याची बाटली लावा, चाकाने धार अशी आवळा की सेकंदा-दोन सेकंदाला एक थेंब पानावर पडेल, खाली ट्रे. त्याची विष्ठा बघायची सवय लावा, तिच्यातला कडक भाग पांढरा असेल तर पाणी पुरतंय, गडद पिवळा-केशरी असेल तर कमी पडतंय. डोळे खोल गेले तर लगेच डॉक्टर.

झुरळांबद्दल कळकळीने सांगते, घरातलं झुरळ कधीच घालू नका. ठाण्यात आणि नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक सोसायटीत पेस्ट कंट्रोल होतं, शेजारच्या घरात जेल लावलेलं असतं, ते विष झुरळातून थेट त्याच्या पोटात जातं. पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी येते तेव्हा पण त्या खोलीची खिडकी लावून घ्या. खाणं म्हणजे पाळून वाढवलेले कीटक, क्रिकेट म्हणजे रातकिडे, डुबिया म्हणजे खाद्यासाठी पाळलेली झुरळं, रेशीमकिडे, आणि फक्त मीलवर्मवर (एका भुंग्याच्या अळ्या) ठेवू नका. त्या कीटकांना आदल्या दिवशी लाल भोपळा, गाजर, शेवग्याची पानं खाऊ घाला, कारण त्यांच्या पोटात जे असेल तेच पुढे पोचतं. वर डी३ नसलेल्या कॅल्शियमची हलकी पूड जवळपास प्रत्येक वेळी, आणि डी३ व व्हिटॅमिन ए असलेली मल्टीव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, जास्त नको. पिल्लाला रोज, मोठ्या नराला एक दिवसाआड तीन ते पाच कीटक पुरतात.

जोडीचं तर अजिबात ऐकू नका. शॅमेलिऑन एकटाच राहतो आणि त्याला तेच हवं असतं, दोन एकत्र ठेवले की एक खातो आणि दुसरा भीतीने सुकतो. शिवाय मादी असेल तर अजून एक गोष्ट जी मेसेजमध्ये कुठेच नाही, व्हेल्ड मादी नर नसताना सुद्धा अंडी घालते, आणि खोदायला साधारण फूटभर खोल ओलसर वाळू नसेल तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते. त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याने नरच घ्यावा. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाला टाचेशी छोटं टोक असतं, ते अगदी पिल्लू असल्यापासून दिसतं, बघूनच घ्या.

हातावर घ्यायचं म्हणाल तर गरज असेल तेव्हाच, हात त्याच्या खालून पुढे करून त्याला स्वतःहून चढू द्या. आणि तो टी-शर्ट बघून रंग बदलत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथरवर दाखवलं की त्याच्या कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि त्यामुळे रंग बदलतो, त्यामागे तापमान, दुसरा नर, मादी, भीती अशी कारणं असतात. लोकांसमोर रंगीत झालेला शॅमेलिऑन बरेचदा घाबरलेला असतो आणि आपण टाळ्या वाजवत असतो, हे बघवत नाही.

शेवटी कागदपत्रं. आपला भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, तो पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा. येऊरला झाडावर फुकट मिळतो असं कुणी म्हणालं तर येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीच उचलायचं नाही, आणि तिथे लाल डोक्याचा जो दिसतो तो बहुतेक वेळा साधा बागेतला सरडा असतो, विणीच्या हंगामात नराचं डोकं लाल होतं. व्हेल्ड, पँथर हे परदेशी, पण ते साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती यादी आपल्या कायद्यातही आली. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याचे नियम आले, त्यानुसार असा प्राणी जवळ असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, नवीन घेतला तरी, हस्तांतर झालं तरी, मेला तरी कळवावं लागतं. विकणारा त्याची नोंद दाखवू शकत नसेल तर तिथून उठा. जंगलातून पकडून आणलेला असेल तर पोटात जंत, अंगात पाणी नाही, आणि कागद नाहीत म्हणून डॉक्टरकडे न्यायची पण तुम्हालाच भीती.

मला विचाराल तर क्रम असा ठेवा, आधी सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधा, प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात ते होत नाही आणि तुमच्या घरापासून तो दादर किंवा पलीकडे सुद्धा असू शकतो. मग पिंजरा, झाडं, नळी, ठिबक सगळं लावून रिकामा पिंजरा दोन-तीन आठवडे चालवा, वर, मध्ये, खाली डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि दमटपणा मोजणारं यंत्र) ठेवा आणि दुपारी तीनचे व पहाटे पाचचे आकडे वहीत लिहा. पहाटेचा आकडा २४ च्या खाली येत नसेल तर प्राण्याचा अॅडव्हान्स देऊ नका, आधी खोलीचं काय करायचं ते बघा, ऑक्टोबर हीट संपून डिसेंबर येईपर्यंत थांबलात तरी चालेल, आणि डिसेंबरात आकडे छान आले म्हणून मेचं विसरू नका.